इंजिन गेलं नव्हतं, टायमिंग चुकलं होतं

‘ताई, ऐंशी हजार देतो म्हणतोय. देऊन टाकू का गाडी?’

२०२३ च्या एप्रिलमधली ती दुपार. मी बचत गटाची वही घेऊन बसले होते आणि मंगल दारातच टेकली होती. (तिचं खरं नाव मंगल नाही. पण इथे तेच म्हणू.) उन्हाळ कांद्याचा हंगाम भरात. चांदवड, उमराणे, लासलगाव, पिंपळगाव, सगळीकडे गाड्यांची नुसती रीघ. अशा दिवसांत धंद्याची गाडी उभी ठेवून ती विकायची भाषा बोलत होती.

गाडी म्हणजे चारशे सात. २००७ सालची. तिच्या नवऱ्याने जुनी घेतलेली, कर्ज फेडून मोकळी केलेली. २०२१ च्या मे महिन्यात करोनाच्या दुसऱ्या लाटेत तो गेला. मागे राहिली मंगल, दोन मुलं, पत्र्याच्या दोन खोल्या आणि ही गाडी. नातेवाइकांनी तेव्हाच ‘विकून टाक’ म्हणून घोशा लावला होता. पण मंगल ठाम राहिली. जुन्या ओळखीचा ड्रायव्हर ठेवला, टायर आणि विम्यासाठी गटातून चाळीस हजारांचं कर्ज घेतलं आणि दोन वर्षं गाडी चालवून दाखवली. हप्ता एकदाही चुकला नाही.

मग मार्चमध्ये डिझेल पंपातून गळती सुरू झाली. एका गॅरेजवर पंप खोलला, सील बदललं, पंप परत बसवला. त्या दिवसापासून गाडीचं काहीतरी बिनसलं. सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी उतरायची, तरी गाडी चालू व्हायची नाही. झाली की पांढरा धूर, तोही डोळ्यांना झोंबणारा. राहूड घाटात तर माल भरलेली गाडी पहिल्या गिअरवर यायची. गॅरेजवाल्याने ऐकून घेतलं आणि निकाल दिला, ‘इंजिन गेलंय. पिस्टन-लायनर सगळं करावं लागेल. लाखाच्या खाली हिशेब नाही.’ आणि दोनच दिवसांनी एक गिऱ्हाईक दारात हजर! ऐंशी हजार रोख. चालू गाडीला तेव्हा सहज दोन लाख मिळाले असते.

कोण कोणाला सामील होतं, हे मला सिद्ध करता येणार नाही, म्हणून ते लिहीत नाही. पण मैत्रिणींनो, एकटी बाई व्यवहाराला उभी राहिली की ‘गेलंय’ हा शब्द किती सहज वापरला जातो, हे तुम्हीही पाहिलं असेल. मोटर गेलीय, फ्रीज गेलाय, इंजिन गेलंय. आपल्याला त्यातलं कळत नाही, हे समोरच्याने गृहीतच धरलेलं असतं. आणि खरं सांगते, त्या दुपारी मलाही कळत नव्हतं. मी बी. ए. झालेली, मराठी वाङ्मय घेऊन. इंजिनातलं मला काय कळणार? मला एवढंच दिसत होतं की गाडी गेली तर मंगल पुन्हा दुसऱ्याच्या शेतावर कांदा काढायला जाणार आणि गटाचे राहिलेले हप्ते सगळ्या बारा जणींच्या डोक्यावर बसणार. दोघी-तिघींनी मला तसं विचारलंही होतं.

आमचं बोलणं आतल्या खोलीत अण्णा ऐकत होते. अण्णा म्हणजे माझे सासरे. एसटीच्या आगारात तेहतीस वर्षं फिटर होते, २००९ मध्ये निवृत्त झाले. आता त्यांचे हात कंपवाताने थरथरतात. चहाचा कप बशीशिवाय धरता येत नाही. गेली काही वर्षं ते गाड्यांविषयी बोलायचेही बंद झाले होते. त्या दिवशी मात्र आतून आवाज आला, ‘सूनबाई, तिला विचार, हे एका दिवसात झालं की हळूहळू?’

‘पंप बसवला त्या दिवसापासून, अण्णा,’ मंगल म्हणाली.

‘आणि इंजिन ऑइल किती खाते?’

मंगलने पिशवीतून वही काढली. गटात आल्यापासून तिला लिहून ठेवायची सवय. तारीख, किलोमीटर, डिझेल, ऑइल, भाडं, सगळं पेन्सिलीने मांडलेलं. अण्णांनी चष्मा लावला आणि वही माझ्या हातात देऊन मोठ्याने वाचायला सांगितली. फेब्रुवारीपर्यंत गाडी लिटरला नऊच्या आसपास देत होती. पंप बसवल्याच्या तारखेनंतर एकदम सहा. ऑइल मात्र आधी होतं तेवढंच, महिन्याला जेमतेम अर्धा लिटर.

‘इंजिन झिजतं ते वर्षावर्षाने झिजतं गं पोरी,’ अण्णा म्हणाले. ‘एका दिवसात नऊची सहा होत नाही. इंजिन गेलं असतं तर ऑइल प्यायला लागली असती. गाडी इकडे आण. विकायचं नंतर बघू.’

दुसऱ्या दिवशी गाडी आमच्या घरामागच्या मोकळ्या जागेत आली. अण्णा खुर्ची टाकून बसले. आधी साध्या गोष्टी बघून घेतल्या. हवेचा फिल्टर, डिझेलचा फिल्टर, टाकीत पाणी उतरलंय का, नळ्या कुठे पाझरतात का. सगळं ठीक. मग गाडी चालू करून ऑइल भरायचं टोपण उघडायला सांगितलं. लायनर-रिंगा गेल्या असल्या तर तिथून भक्भक् वाफ मारते. तसं काही नव्हतं. अण्णांनी मान हलवली. ‘टायमिंग चुकलंय. पंप बसवताना लावलंच नाही नीट.’

टायमिंग म्हणजे काय, हे मी तोवर फक्त क्रिकेटच्या कॉमेंट्रीत ऐकलं होतं. अण्णांनी नागपंचमीच्या झोक्यावरून सांगितलं. झोक्यावरच्या मुलीला आपण धक्का कधी देतो? झोका मागे येऊन थांबला की. तो अजून मागे येत असतानाच धक्का दिला तर आपलाच खांदा निखळतो. आणि तो पुढे निघून गेल्यावर दिला तर हात नुसता हवेत जातो. इंजिनाचंही तसंच. डिझेलच्या इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. पिस्टन वर येताना सिलिंडरमधली हवा इतकी दाबली जाते की ती दाबानेच तापते. पिस्टन अगदी वर पोहोचायच्या किंचित आधी त्या तापलेल्या हवेत पंपाने डिझेलचा फवारा सोडायचा. फार लवकर सोडला तर पिस्टन वर येतानाच उलटा दणका बसतो, इंजिन खडखड वाजतं, पिस्टनला धोका होतो. उशिरा सोडला तर पिस्टन खाली निघालेला असतो. डिझेल धड जळत नाही, अर्धंकच्चं पांढरा धूर होऊन बाहेर पडतं. गाडी ओढत नाही, डिझेल मात्र जास्त पिते. मंगलच्या गाडीचं नेमकं हेच झालं होतं.

रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरला या इंजिनाचं पेटंट मिळालं १८९३ मध्ये आणि इंजिन समाधानकारक चाललं १८९७ मध्ये. पण मोजून, वेळेवर डिझेल सोडणारा पंप बॉश कंपनीने मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतला तो १९२७ मध्ये. त्यानंतरच डिझेलचे ट्रक खऱ्या अर्थाने रस्त्यावर आले. म्हणजे इंजिनाइतकंच महत्त्व या वेळेला.

‘पण लावणार कोण?’ मी विचारलं. अण्णांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. मग आमच्या दोघींच्या. ‘मी सांगतो, तुम्ही करा.’

ड्रायव्हरदादा म्हणाले, ‘मी गाडी चालवतो, पंपाला हात लावत नाही.’ शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, ‘अगं, बायकांचं काम आहे का हे?’ मंगलचा दीर आला होता, तो काही न बोलता बाजूला उभा राहिला. माझी मुलगी बारावी सायन्सला. चार स्ट्रोकची आकृती काढून तिने परीक्षेत मार्क मिळवले होते, इंजिन मात्र पहिल्यांदा उघडं बघत होती. तिला मोबाइलचा उजेड धरायचं काम मिळालं.

आधी चाकांना दगड लावले, हँडब्रेक ओढला, गाडी न्यूट्रल केली. बॅटरीची वायर काढून टाकली, म्हणजे चुकून कोणी सेल्फ मारायला नको. इंजिन पूर्ण गार झालेलं होतं. पंपाभोवतीची सगळी माती-चिकटा पुसून काढला. ‘पंपात कचऱ्याचा एक कण गेला तरी घात,’ अण्णा दर पाच मिनिटांनी बजावत होते. त्या बाबतीत आम्हाला शिकवायची गरज नव्हती. लोणच्याच्या बरण्या आम्हीच भरतो.

मग पहिला सिलिंडर. इंजिनाच्या पुढच्या पुलीच्या नटाला मोठा पाना लावला, पान्याच्या दांड्यात लोखंडी पाइप घातला आणि मंगलने इंजिन हाताने फिरवायला घेतलं. इंजिन ज्या दिशेने चालतं त्याच दिशेने, हळूहळू. दाब आला की पाना जड व्हायचा, तेव्हा मीही हात लावायचे. चारही सिलिंडरचा दाब सारखा जड लागला. अण्णा खुश झाले, ‘बघ, इंजिन धडधाकट आहे.’

पुलीवर खुणा असतात. पण इथे एक गंमत आहे. इंजिनाचा दांडा दोनदा फिरतो तेव्हा पंप एकदा फिरतो. म्हणजे खूण दोनदा समोर येते आणि त्यातली एकच खरी. ती ओळखायला वरचं टॅपेट कव्हर काढलं. पहिल्या सिलिंडरचे दोन्ही टॅपेट ढिले, हाताने हलणारे आणि चौथ्याचे दोन्ही दाबाखाली, तर पहिला सिलिंडर दाबावर आला असं समजायचं. हे समजावून घ्यायला मला तीन वेळा लागलं, मुलीला एकदा.

त्यानंतर पहिल्या सिलिंडरकडे जाणारी नळी काढली. पंपाच्या त्या तोंडातला छोटा व्हॉल्व आणि स्प्रिंग काढून स्वच्छ स्टीलच्या वाटीत डिझेलमध्ये ठेवले, तोंड परत बसवलं आणि त्यावर बारीक वाकडी नळी लावली. मी हाताने डिझेल चढवायचा छोटा पंप मारू लागले. नळीतून डिझेलची धार सुरू झाली, खाली परात ठेवली होती. आता मंगलने इंजिन हळूहळू फिरवायचं. धारेचे थेंब होतील, थेंब मंद होतील, मग थांबतील. तो क्षण म्हणजे पंप पहिल्या सिलिंडरला डिझेल दाबायला सुरुवात करतो तो क्षण. त्या वेळी पुलीवरची कुठली खूण समोर आहे, ते बघायचं.

मंगल फिरवत गेली. धार थांबेना. दोन पूर्ण फेरे झाले, तरी धार तशीच! आमचे हात दुखायला लागले. कुंपणावरच्या काकू हसल्या. मला वाटलं, खरंच पंपच बाद झालाय की काय! अण्णांनी डोळे मिटले, विचार केला आणि म्हणाले, ‘गाडी बंद करायची तार ओढलेली आहे का बघ.’

ओढलेलीच होती! गाडी बंद करताना ड्रायव्हरदादांनी ओढली ती तशीच राहिली होती. तार ओढलेली असली की पंप डिझेल दाबतच नाही, आतली वाट उघडीच राहते. मग धार थांबणार कशी? तार आत ढकलली, ॲक्सिलरेटरचा दांडा पूर्ण ओढून बांधला आणि पुन्हा सुरुवात केली. या वेळी धार बारीक झाली, थेंब झाले. एक... दोन... आणि थांबले.

‘खूण वाच,’ अण्णा म्हणाले.

मुलगी वाकली. ‘आजोबा, शून्याच्या अगदी जवळ आहे!’

म्हणजे पिस्टन पार वर पोहोचल्यावर डिझेल सुटत होतं. अण्णांनी गाडीच्या पुस्तकातून नेमका आकडा काढून ठेवलाच होता. (तो इथे देत नाही, कारण प्रत्येक इंजिनाचा आकडा वेगळा असतो.) पुली त्या खुणेच्या मागे नेऊन मग पुढे आणत बरोबर खुणेवर थांबवली. धार परत चालू झाली. आता पंपाचे नट थोडे सैल केले. ज्या भोकांत ते बसतात ती लांबट असतात, म्हणून पंप थोडासा फिरवता येतो. पंपाचा दांडा ज्या दिशेने फिरतो त्याच्या उलट दिशेने पंप फिरवला की टायमिंग अलीकडे येतं. मंगलने दोन्ही हातांनी पंप धरला आणि केसभर, केसभर फिरवत नेला. धारेचे थेंब झाले. थेंब थांबले. ‘बस्स!’ अण्णांचा आवाज एकदम आगारातला झाला होता. नट आवळले. मग इंजिन पुन्हा दोन फेरे फिरवून खात्री केली. थेंब बरोबर खुणेवर थांबला.

व्हॉल्व, स्प्रिंग, नवं वायसर, नळी, टॅपेट कव्हर, सगळं जागच्या जागी बसवलं. डिझेलच्या लायनीतली हवा काढली, बॅटरी जोडली. मंगल स्वतः सीटवर चढली आणि चावी फिरवली. पहिल्या सेल्फला नाही, दुसऱ्या सेल्फला गाडी चालू झाली. थोडा धूर निघाला आणि दोन मिनिटांत विरला. मंगल सीटवरच बसून राहिली, स्टिअरिंगवर डोकं टेकून. आम्ही तिला खाली उतर म्हटलं नाही.

परवा कोणीतरी मला बर्था बेंझची गोष्ट सांगितली. १८८८ च्या ऑगस्टमध्ये ही जर्मन बाई नवऱ्याने बनवलेली मोटार घेऊन, दोन मुलांना बरोबर घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी निघाली. इतका लांबचा मोटारप्रवास तोवर कोणी केलेला नव्हता. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने साफ केली. इंधन संपलं, ते औषधाच्या दुकानातून घेतलं. म्हणजे मोटारीचा पहिला लांबचा प्रवास आणि वाटेतली दुरुस्ती, दोन्ही एका बाईच्या नावावर आहेत. मग ‘बायकांचं काम आहे का’ हा प्रश्न कुठून आला कोण जाणे!

दोन दिवसांनी उमराण्याहून कांदा भरून गाडी राहूड घाट चढली. ड्रायव्हरदादांनी वर आल्यावर फोन केला, ‘वहिनी, तिसऱ्यावर आली!’ सगळं सोन्यासारखं झालं असंही नाही. एक नोझल खराब निघालं, ते पंपाच्या दुकानातून तपासून घ्यावं लागलं. पण एकूण खर्च अडीच हजारांच्या आत. वहीत लिटरला साडेआठचा आकडा पुन्हा दिसू लागला. हिशेब करून बघा. रोजचे शंभर किलोमीटर धरले तर सहाच्या ऐवजी साडेआठ म्हणजे दिवसाला जवळजवळ पाच लिटर डिझेल वाचलं. महिन्याला वीस दिवस गाडी चालली तर शंभर लिटर. त्यात गटाचा हप्ता भागून मुलांची फीसुद्धा निघते.

ऐंशी हजारवाला गिऱ्हाईक परत आला, तेव्हा मंगलने त्याला पाणी दिलं आणि ‘गाडी भाड्यावर गेलीय’ असं सांगितलं. दिरानेही पुढच्या आठवड्यात आपला कांदा तिच्याच गाडीत भरला आणि भाडं ठरल्याप्रमाणे दिलं. गटाचं कर्ज त्या दिवाळीपर्यंत फिटलं.

हे वाचून लगेच पाना हातात घ्या, असं मी म्हणणार नाही. आमच्यामागे तेहतीस वर्षांचा अनुभव खुर्ची टाकून बसला होता. पंपाच्या आतले स्क्रू घरी फिरवायचे नसतात, त्यासाठी तपासणीचं मशिन लागतं. गाडी चालू असताना गळक्या नळीवर हात कधीच ठेवू नका. दाबाखालचा डिझेलचा फवारा कातडीत घुसतो. जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच दवाखाना गाठावा लागतो. आणि १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-सहा गाड्यांत डिझेल कधी सोडायचं हे कॉम्प्युटर ठरवतो. तिथे थेंब मोजून काही होत नाही.

पण दोन गोष्टी मात्र प्रत्येकीला करता येतील. एक, वही. मंगलच्या वहीत ती तारीख नसती, तर अण्णांनाही इतक्या खात्रीने बोलता आलं नसतं. दुसरी, कागद. गाडी नवऱ्याच्या नावावर असेल आणि तो गेला, तर तीस दिवसांत आरटीओला कळवावं लागतं आणि तीन महिन्यांच्या आत ३१ नंबरच्या फॉर्मवर गाडी आपल्या नावावर करायचा अर्ज द्यावा लागतो. विमा आणि परमिटही बघावं लागतं. २०२१ पासून गाडीच्या आरसीवर वारसाचं नाव आधीच नोंदवायचीही सोय झाली आहे. आज संध्याकाळी घरात विचारा, आपलं नाव तिथे आहे का? मंगलला हे माहीत नव्हतं. गाडी नावावर करायला तिला आठ महिने खेटे घालावे लागले.

अण्णा आता रोज संध्याकाळी अंगणात बसतात. गल्लीतल्या दोन-तीन पोरी, मंगलचा थोरला मुलगा आणि कधीकधी ड्रायव्हरदादाही त्यांच्याभोवती असतात. परवा मंगलने पक्कं लायसन्स काढलं. पेढे घेऊन आली, तेव्हा अण्णांनी पेढा घ्यायच्या आधी विचारलं, ‘या महिन्याचं ॲव्हरेज किती?’

तिने पिशवीतून वही काढली.